केशरी किती काळा? एका छायाचित्र-प्रकल्पाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

वाचनालयाच्या दालनात २६ जानेवारीला बारा चित्रं लावायची आहेत. विषय राष्ट्रीय चिन्हं: ध्वज, चरखा, खादी, सिंहमुद्रा. अट मीच घालून घेतली आहे, सगळं कृष्णधवल. लोकांनी आधीच विचारलं, "तिरंगा आणि कृष्णधवल?" उत्तर नव्हतं, हसून वेळ मारून नेली.

तेरावं चित्र आज आपसूक आलं. मैत्रिणीच्या आईने, मावशींनी, पत्र्याच्या डब्यातून एक जुना फोटो काढून दिला. "याचा मोठा करून लाव. आमच्याकडची प्रभातफेरी आहे." सव्वादोन बाय सव्वातीन इंच, म्हणजे १२० फिल्मच्या सहा बाय नऊ सेंटीमीटर निगेटिव्हवर कागद टेकवून तिच्याच मापाचा काढलेला काँटॅक्ट प्रिंट. निगेटिव्ह कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही. मागे काही लिहिलेलं नाही.

पुढे चार बायका, चौघी पांढऱ्या लुगड्यांत. मागे काठीला ध्वज धरलेला तरुण. ध्वजावर तीन पट्टे: वरचा काळपट, मधला पांढरा, खालचाही काळपट, पण वरच्याहून किंचित उजळ. मधल्या पट्ट्यात चरखा आहे असं भिंगातून वाटतं. आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं.

फोटोखाली काय लिहायचं? कधीचा आहे? आणि ध्वज सुलटा आहे की घाईत उलटा लागलाय? रंग असते तर हा प्रश्नच पडला नसता.

४ नोव्हेंबर

कालखंडाचा अर्धा प्रश्न सुटला. १९२१ च्या स्वराज्य-ध्वजात पांढरा पट्टा सर्वांत वर होता, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि चरखा तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहातला झेंडा तो. केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यातला चरखा ठरला १९३१ मध्ये. आमच्या फोटोत पांढरा मध्ये आहे, म्हणजे १९३१ नंतरचा. चरखा आहे, चक्र नाही, म्हणजे बहुधा जुलै १९४७ च्या आधीचा. घरी शिवलेल्या झेंड्यांत लोक आपापली अक्कल चालवत, म्हणून 'बहुधा'.

उलटा की सुलटा, हे मात्र तसंच राहिलं.

१० नोव्हेंबर

खादी भांडारातून केशरी, पांढरं आणि हिरवं अशी वेगवेगळी कापडं आणली. मोजमापासाठी ध्वज वापरायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. ध्वजसंहितेनुसार तो टेबलावर अंथरता येत नाही, जमिनीला टेकू द्यायचा नाही. मला तर कापडाला टाचण्या लावायच्या, मुरगळायचं, ओलंही करायचं.

सावलीत तिन्ही कापडं शेजारी टांगून स्पॉट मीटरने, म्हणजे एका ठिपक्यापुरता प्रकाश मोजणाऱ्या यंत्राने, मोजली. केशरी हिरव्यापेक्षा सव्वा स्टॉप उजळ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मग भारतीय मानक काढून पाहिलं. (देशाच्या मानकांत क्रमांक १ ध्वजाचाच आहे, हे वाचून उगाच बरं वाटलं.) त्यात रंगांच्या उजळपणाचे आकडे दिले आहेत: पांढरा ७२.६, केशरी २१.५, हिरवा ८.९. केशरी हिरव्याच्या जवळजवळ अडीचपट, म्हणजे सव्वा स्टॉपच. माझं मीटर आणि भांडारवाल्याचा रंगारी, दोघंही शहाणे निघाले.

पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग साधारण डोळ्यासारखेच पाहते. तिच्यावर बिनफिल्टरचा सुलटा ध्वज असा दिसायला हवा: वर मध्यम करडा, मध्ये पांढरा, खाली गडद.

मावशींच्या फोटोत नेमकं उलट आहे.

१५ नोव्हेंबर

पहिला रोल वाया. वाया म्हणावा की नाही यावर दिवसभर स्वतःशीच भांडले.

एका इमारतीवरच्या ध्वजाचे फोटो काढताना आकाश नाट्यमय यावं म्हणून लाल फिल्टर लावला होता. तीन स्टॉप जास्त दिले, रोल धुतला, काँटॅक्ट शीट काढली. आकाश काळंभोर, ढग कापसासारखे, आणि ध्वज दोनरंगी. केशरी पट्टा पांढऱ्यात विरघळून गेला होता. लाल काचेतून केशरी कापड जवळजवळ पांढऱ्याइतकाच प्रकाश पाठवतं, हिरवं मात्र पार काळं पडतं. चक्रही काळं.

चित्र म्हणून देखणं आहे. पण तो आपला ध्वज नाही, पांढऱ्याखाली काळी किनार असलेलं भलतंच कापड आहे. भिंतीवर लावलं तर एखादा शाळकरी मुलगा विचारेल, हा कुठल्या देशाचा? आणि त्याचं बरोबर असेल.

१६ नोव्हेंबर

तीच कापडं, तोच प्रकाश, फक्त फिल्टर बदलत गेले.

पिवळा: केशरी थोडा उजळला, हिरव्यापासून नीट वेगळा राहिला. आकाशाला जरा रंग आला. ध्वजासाठी हाच.

नारिंगी: केशरी पांढऱ्याकडे झुकू लागला. नको.

गडद हिरवा: या पट्टीपाशी मी बराच वेळ बसले. केशरी आणि हिरवा एकसारखे करडे झाले. भिंगातूनही फरक सापडेना. वर-खाली हा भेदच पुसला गेला. चक्राला चोवीस आरे, तेही उलटंसुलटं करून सारखंच. म्हणजे हिरव्या फिल्टरमधून काढलेला ध्वज उलटा टांगला तरी फोटोवरून कोणाला कळणार नाही. आपण ज्याला चिन्ह म्हणतो त्यातला 'वर केशरी' हा भाग काचेच्या एका तुकड्याने नाहीसा होतो.

निळा: इथे पारडं फिरलं. हिरवा उजळ, केशरी काळपट. मावशींच्या फोटोसारखं! पण १९३० च्या दशकात प्रभातफेरीत बॉक्स कॅमेरा घेऊन गेलेला माणूस निळा फिल्टर कशाला लावेल?

२२ नोव्हेंबर

आठवडाभर ध्वज बाजूला ठेवून फक्त खादी पाहिली. रंग काढून घेतला की कापडाला स्वतःबद्दल बोलावंच लागतं.

समोरून प्रकाश टाकला तर खादी आणि गिरणीचं कापड यांत फरक दिसत नाही. दिवा बाजूला, कापडाच्या पातळीत, दहा-पंधरा अंशांवर आणला की हातसूत उघडं पडतं. धागा एका जागी जाड, पुढे बारीक. कातणारीचा हात जिथे थबकला तिथे गाठ. प्रत्येक गाठीला तिची इवलीशी सावली. पॉलिएस्टरवर तोच दिवा टाकला तर सावल्याच नाहीत, घडीच्या धारेवर एक लखलखीत पांढरी रेघ फक्त. पोलरायझर फिरवून ती चमक कमी होते, पण मग कापड मेल्यासारखं दिसतं.

२०२१ च्या डिसेंबरमधल्या दुरुस्तीपासून यंत्रावर विणलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. त्याआधी हाताने कातलेलं, हाताने विणलेलंच हवं होतं. त्यावर वाद घालायला या वहीत जागा नाही. पण शेजारी-शेजारी दोन चित्रं लावणार आहे: एकाच मापाच्या दोन ध्वजांचे कोपरे, एकाच तिरप्या प्रकाशात. मथळ्यात फक्त कापडाचं नाव.

पांढऱ्या खादीचं एक्स्पोजर पुन्हा चुकलं. मीटर पांढऱ्यालाही १८ टक्के प्रकाश परतवणारा मध्यम करडाच समजतं आणि कापड मळकट येतं. दोन स्टॉप जास्त दिले तेव्हा कुठे पांढरं पांढरं आलं आणि धागाही टिकला. तीन दिले तर धागा गेला. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे, तरी दर वेळी पहिली फ्रेम मळकटच येते.

२९ नोव्हेंबर

मावशींना फोटोची मोठी प्रत दाखवायला गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, पण यांची कुंकवं अशी काळी कशी? काळं कुंकू लावतं का कोणी?"

मी म्हटलं, "मावशी, बुक्का असेल."

"बुक्का लावलाय तो त्या मागच्या म्हाताऱ्याने, बोटभर नाकापासून वर. या चांगल्या सवाष्णी आहेत. ठसठशीत गोल कुंकू आहे. काळं असणार नाही."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. चौघींच्या कपाळावर शाईचे ठिपके टेकवावेत तसं कुंकू. महिनाभर मी ध्वजाकडेच पाहत बसले, आणि फोटोतली खात्रीची लाल वस्तू ध्वजाच्या दोन बोटं खाली होती.

३ डिसेंबर

ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचा रोल मिळाला. ही फिल्म निळा आणि हिरवा पाहते, लाल तिला दिसतच नाही, म्हणून ती लाल दिव्यात धुता येते. डार्करूममध्ये प्रतिमा हळूहळू उमटताना डोळ्यांनी पाहिली. पॅनक्रोमॅटिक फिल्मच्या बाबतीत हे सुख नाही, तिला पूर्ण अंधार लागतो. जुन्या साध्या रोलफिल्म याच जातीच्या असत.

प्रयोग सोपा. कपाळावर ठसठशीत कुंकू लावून खिडकीपाशी बसले, कॅमेरा तिपाईवर, तारेने शटर. एक फ्रेम पॅनक्रोमॅटिकवर, एक ऑर्थोवर. मागे दोरीवर केशरी आणि हिरवी कापडं.

पॅनक्रोमॅटिक: माझ्या सावळ्या कपाळावर कुंकू ओळखू येतं, पण ओरडत नाही. केशरी हिरव्याहून स्पष्ट उजळ.

ऑर्थो: कुंकू कोळशासारखं काळं. ओठ काळे. चेहरा दहा वर्षांनी म्हातारा, गालावरचा प्रत्येक डाग वर आलेला. आणि दोरीवर केशरी हिरव्याहून किंचित काळा. फरक थोडाच, अर्ध्या स्टॉपपेक्षाही कमी, पण बाजू फिरलेली.

मावशींच्या फोटोतही फरक किंचितच आहे. पॅनक्रोमॅटिकवर उलटा धरलेला ध्वज असता तर वरचा पट्टा खालच्यापेक्षा सव्वा स्टॉप गडद आला असता, नुसत्या डोळ्यांना कळण्याइतका. तेव्हा: फिल्म ऑर्थो, वरचा पट्टा केशरी, ध्वज सुलटा.

९ डिसेंबर

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. आज स्कॅन मोठा करून चरखा नीट पाहिला. काठी फोटोत डावीकडे, कापड उजवीकडे फडकतंय. आणि चरख्याचं चाक काठीपासून दूरच्या टोकाला, चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई, काठीकडे.

ही अडचण थेट घटना समितीत बोलली गेली होती. २२ जुलै १९४७ ला ध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी सांगितलं की ध्वज दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायला हवा. चरख्यात एका बाजूला चाक, दुसऱ्या बाजूला चाती, आणि मागून पाहिलं की ती उलट होतात. चाक तर काठीच्या बाजूला हवं. म्हणून चरख्यातलं चाक तेवढं ठेवलं, आणि ते सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राच्या रूपात. शाळेत मला या बदलाचा अर्थ तेवढा शिकवला होता. त्यामागे शिंप्याला पडेल असा साधा प्रश्नही होता, हे कोणी सांगितलं नाही.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी एक पुरावा गेला. चरख्यावरून निगेटिव्ह उलटी छापली गेली का हे कळू शकतं, चक्रावरून नाही.

आता आमच्या फोटोत दोन शक्यता. एक, प्रिंट काढताना निगेटिव्ह उलटी ठेवली. दोन, आपण ध्वज मागच्या बाजूने पाहतोय. ध्वज याचं उत्तर देत नाही. उत्तर पुन्हा बायकांकडेच: पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला उजवीकडे. फोटोत चौघींचा पदर उजवीकडेच आहे. दोघींची नथही तिकडेच. प्रिंट सरळ आहे, आपल्याला ध्वजाची मागची बाजू दिसतेय.

१८ डिसेंबर

सिंहमुद्रा. मूळ सिंहशीर्ष सारनाथच्या संग्रहालयात, चुनारच्या वालुकाश्मातलं, अजून चकाकी टिकवून असलेलं. तिथे जाणं या वेळी जमणार नाही. मुद्रेचं चित्र काढून फलकावर लावणं टाळायचं, कारण तिच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. म्हणून नाण्यावरची मुद्रा, नाणं म्हणूनच.

स्टीलचं नाणं म्हणजे आरसा. त्यात कॅमेरा दिसतो, मी दिसते, छताचा पंखाही. काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून लेन्स काढली, दिवा वरच्या बाजूला, नाण्याच्या पातळीत ठेवला. सिंह उठून आले. मग दिवा खालच्या बाजूला नेला तर सिंह नाण्यात खचल्यासारखे दिसू लागले, जणू साच्यात पाहतोय. प्रकाश वरूनच येणार असं डोळा गृहीत धरतो. प्रिंट उलटा धरला की ते पुन्हा वर येतात. हा खेळ अर्धा तास चालला. एकच चित्र पुरे, वरून प्रकाश असलेलं.

२७ डिसेंबर

दुसऱ्यांची चित्रं पाहण्यात दिवस गेला. मार्गारेट बर्क-व्हाइटचं १९४६ चं गांधीजींचं छायाचित्र: पुढे चरखा, मागे वाचत बसलेले गांधीजी, खिडकीचा प्रकाश. आज पहिल्यांदा लक्ष दिलं ते चरख्याच्या आऱ्यांकडे. ते प्रकाशासमोर काळे आहेत, माणूस त्याच्यामागे मऊ करड्यात. तिथे रंगाची उणीव वाटतच नाही, कारण चरख्याला ओळखायला रंग लागत नाही. ध्वजाला लागतो.

होमाई व्यारावाला यांच्या १९४७ च्या चित्रांत ध्वज लहान आणि गर्दी अफाट. तो तिरंगा आहे हे आपण गर्दीवरून ओळखतो.

माझ्या बारा चित्रांतून दोन काढून टाकली. दोन्हींत ध्वज फ्रेमभर आणि माणूस कुठेच नव्हता.

११ जानेवारी

प्रिंटिंग. ध्वज भिंतीवर उभा टांगलेलं चित्र मोठं करायला घेतलं. नियम असा की उभा लावताना केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे यावा. टांगताना दोनदा तपासलं होतं.

चौथी टेस्ट स्ट्रिप बरी आली, पूर्ण प्रिंट काढला, फिक्सरमधून उचलून दिव्याखाली धरला. छान. गाठाळ सूत दिसतंय, चक्राचे चोवीस आरे मोजता येतायत. धुवायला टाकला. हात पुसताना शंका आली: उजळ पट्टा उजवीकडे कसा?

निगेटिव्ह कॅरियरमध्ये, म्हणजे ती धरणाऱ्या चौकटीत, उलटी बसली होती. सबंध चित्रात त्याची दुसरी कुठलीही खूण नाही. चक्र तसंच, वीण तशीच, भिंत कोरी. केशरीचा करडा हिरव्यापेक्षा उजळ असतो हे दोन महिने घोकलं नसतं, तर हिरवा डावीकडे घेऊन हा प्रिंट भिंतीवर गेला असता. आणि मी नव्वद वर्षांपूर्वीच्या कुणा अनामिकाची निगेटिव्ह तपासत होते.

आता प्रत्येक प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने बाण आणि 'केशरी'.

१९ जानेवारी

मथळे लिहून झाले. प्रत्येकाखाली फिल्म आणि फिल्टर लिहिलाय. वाचनालयातल्या एका गृहस्थांना ते 'फार तांत्रिक' वाटलं. राहू दे. करडा कुठून आला हे सांगितल्याशिवाय तो केशरी कसा म्हणायचा?

मावशींच्या फोटोखाली: "प्रभातफेरी, १९३१ नंतर. पांढऱ्या खादीतल्या चार स्त्रिया. ध्वजाची मागची बाजू. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्ममुळे केशरी पट्टा हिरव्याहून गडद दिसतो."

२१ जानेवारी

मथळा मावशींना वाचून दाखवला. "चार नाही, तीन," त्या म्हणाल्या. "डावीकडून दुसरी माझी आत्या. तिचं लुगडं आकाशी होतं."

"पण मावशी, फोटोत तर पांढरंशुभ्र आहे."

"तू म्हणतेस तसं असेल. पण त्याची गोधडी झाली, ती माझ्याकडे आहे."

गोधडी काढली. मधोमध वीतभर ठिगळ, विटलेलं, पण निळसर आहे यात शंका नाही. मी मुकाट बसले. ऑर्थो फिल्म लालला काळं करते हे मी सगळ्यांना सांगत सुटले होते. फिकट निळ्याला ती जवळजवळ पांढरं करते, हे त्याच कागदावर लिहिलेलं होतं. आकाश कोरं आलंय हे पहिल्याच दिवशी नोंदलं होतं. आकाशाच्या रंगाचं लुगडं मात्र सुचलं नाही. चौघी प्रभातफेरीत आहेत, मग खादी पांढरीच असणार, असं मीच धरून चालले.

बाकीच्या तिघींचं? "त्यांचं मला काय माहीत," मावशी म्हणाल्या. "त्या शेजारच्या."

मथळा बदलला: "चार स्त्रिया, डावीकडून दुसरीचं लुगडं आकाशी." 'पांढऱ्या खादीतल्या' खोडलं. गोधडीही लावू का, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, थंडी संपेपर्यंत नाही.